साठीनंतरची चौतीस वर्षं : रियासतकार सरदेसाईंच्या निवृत्तीचा अभ्यास

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नोकरीला लागले आणि १९२५ मध्ये निवृत्त झाले. नोकरी छत्तीस वर्षांची. त्यानंतर ते कामशेतला राहायला गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी तिथेच वारले. म्हणजे निवृत्ती चौतीस वर्षांची. या दुसऱ्या कालखंडात त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, पुणे रेसिडेन्सीच्या (पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीच्या) इंग्रजी पत्रव्यवहाराच्या मालिकेत वाटा उचलला, स्वतःचीच जुनी पुस्तकं नव्याने लिहिली आणि ऐंशी ओलांडल्यावर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत मांडला.

इतिहासकार म्हणून त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला इथे त्यांच्याकडे पेन्शनर म्हणून पाहायचं आहे. कारण निवृत्त झालेल्या, किंवा वर्ष-दोन वर्षांत होणाऱ्या माणसांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो : ‘आता कोणता छंद लावून घेऊ?’ राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी निरोप मिळतो, केंद्र सरकारच्या नोकरीत ६० व्या. शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, ‘आता मोकळे झालात, मजा करा’ असं जो तो म्हणतो. पहिले काही महिने खरोखर छान जातात. घराची राहिलेली डागडुजी होते, अष्टविनायक होतात, मुलाकडे किंवा मुलीकडे महिनाभर राहून येणं होतं. मग एक दिवस पेपर वाचून संपतो तेव्हा सकाळचे नऊच वाजलेले असतात आणि पुढच्या दिवसाचं काय करायचं ते समजत नाही. तेव्हा छंदाचा शोध सुरू होतो. सरदेसाईंचं प्रकरण पाहिलं की हा प्रश्नच जरा वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा असं माझं मत झालं आहे.

नोकरीतली वर्षं

सरदेसाईंचा जन्म १७ मे १८६५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. शिक्षण रत्नागिरी, पुणे आणि मुंबईत झालं. पदवी घेऊन बडोद्याला गेले ते महाराजांचे वाचक म्हणून. महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची, त्यांचा सारांश सांगायचा, सांगितलं तर भाषांतर करायचं. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचं काम आलं, महाराजांबरोबर विलायतेचे प्रवास झाले. मॅकियाव्हेलीच्या आणि सीलीच्या प्रसिद्ध ग्रंथांचे मराठी अनुवाद त्यांनी याच नोकरीत, महाराजांच्या सांगण्यावरून केले.

या कामाला इतिहास संशोधन म्हणता येणार नाही. ती खासगीतली नोकरी होती आणि राजाच्या खासगीतल्या माणसाला स्वतःचे असे तास क्वचितच मिळतात. पण शिकवण्यासाठी आणि वाचून दाखवण्यासाठी जी टिपणं काढावी लागत, ती साठत गेली. त्यांतून १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आली, १९०२ पासून ‘मराठी रियासत’चे भाग येऊ लागले. मराठीत एवढा सलग, सामान्य वाचकाला वाचता येईल असा इतिहास तोवर नव्हता. ‘रियासतकार’ हे नाव त्यांना चिकटलं ते नोकरीत असतानाच.

सरदेसाई साठाव्या वर्षी इतिहासाकडे वळले नाहीत. तेहतिसाव्या वर्षी त्यांचं पहिलं मोठं पुस्तक छापून झालं होतं. मात्र ते कोणत्याही कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. पगार एका कामाचा मिळत होता, जीव दुसऱ्यात होता, आणि पहिल्या कामाने दुसऱ्याला लागणारी सवय हाताला लावून दिली होती. भरभर वाचणं, नेमकं काढणं, सोप्या शब्दांत सांगणं ही वाचकाच्या नोकरीची तीन कौशल्यं पुढच्या चौतीस वर्षांत त्यांना जन्मभराच्या पेन्शनसारखी पुरली.

निवृत्तीचं नियोजन म्हटलं की आपण ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम, घराचा हप्ता यांचा हिशेब मांडतो, आणि तो मांडलाच पाहिजे. पण तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीने हाताला नेमकं काय शिकवलं, याची यादी फार थोडे जण करतात. तलाठ्याला सात-बारा वाचता येतो, बँकेतल्या माणसाला खतावणी जुळवता येते, नर्सला चेहरा पाहून दुखणं कळतं. नोकरी सुटली म्हणून ही जाण सुटत नाही. तरीही निरोपाच्या दिवशी बहुतेक जण ती ऑफिसातच ठेवून येतात आणि घरी येऊन अगदी पहिल्या इयत्तेपासून काहीतरी नवं शोधायला लागतात.

कामशेत

कामशेत हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचं, इंद्रायणीकाठचं मावळातलं गाव. बडोद्यासारख्या राजधानीत, राजवाड्याच्या सान्निध्यात आयुष्य काढलेल्या माणसाने म्हातारपणासाठी हे गाव निवडलं. पुण्यात स्थायिक होणं सोपं होतं, तिथे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं होतं, इतिहासाची चर्चा रोज घडत होती. माझा तर्क असा, की त्यांना पुणं हाताशी हवं होतं, पण दाराशी नको होतं. रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परतावं इतकं जवळ, आणि रोज सभेचं आमंत्रण येऊ नये इतकं लांब.

घरातलं दुःखही मोठं होतं. त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. त्यांतला श्यामकांत शांतिनिकेतनात शिकलेला, हुशार, ऐन तारुण्यात गेलेला. त्याची पत्रं वडिलांनी पुढे पुस्तकरूपाने छापली. निवृत्तीनंतर नातवंडांत रमायचं, हे आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर सरदेसाईंना मिळालंच नाही. त्यांच्या कामाच्या झपाट्याकडे पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं. दुःखामुळे ते कामाला जुंपले असं मी म्हणणार नाही, एखाद्याच्या मनात काय चाललं होतं हे बाहेरून ठरवणं मला पटत नाही. एवढं मात्र दिसतं, की मन बसून जाण्याची सगळी कारणं असताना त्यांचं टेबल मोकळं पडलं नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच, १९२६ मध्ये, पाटणा विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासातल्या मुख्य प्रवाहांवर त्यांची इंग्रजी व्याख्यानं झाली. यामागे जो माणूस होता, तो या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा दुवा आहे.

वाट पाहणारा मित्र

हा माणूस म्हणजे बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार, सरदेसाईंहून पाच वर्षांनी लहान. औरंगजेबाचा इतिहास लिहिताना त्यांना मराठी साधनं हवी होती, सरदेसाईंना फारसी साधनं. १९०४ च्या सुमारास दोघांची ओळख झाली आणि १९५८ मध्ये सरकार वारले तोवर पत्रव्यवहार चालू राहिला. सरकार फारसी कागद समजावत, सरदेसाई मोडी आणि मराठी. दोघांनी मिळून मराठ्यांच्या रणभूमी पायाखाली घातल्या. सरकारांचा स्वभाव कडक होता, पुराव्यावाचून केलेलं विधान त्यांना खपत नसे, आणि ते मित्रालाही सोडत नसत.

माझ्या मते सरदेसाईंच्या निवृत्तीची खरी मेख इथे आहे. पेन्शन पुष्कळांना असते. वाचनाची आवडही पुष्कळांना असते. पण आपण या आठवड्यात काय केलं हे विचारणारं, ते वाचून ‘हे चुकलंय, पुन्हा बघा’ म्हणणारं, आणि आपल्या कामावर ज्याचं स्वतःचं काम अडून बसलं आहे असं माणूस फार थोड्यांना मिळतं. नोकरीत असा माणूस फुकट मिळतो, त्याला साहेब म्हणतात. नोकरी गेली की साहेब जातो याचा आनंद होतो, आणि काही महिन्यांनी समजतं की त्याच्याबरोबर दिवसाचा ताणही गेला. छंद बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुटतात याचं कारण आळस नसतं. आज केलं नाही तरी कुणाचं अडत नाही, हे कारण असतं.

जदुनाथ सरकारही आयुष्याच्या याच टप्प्यावर होते. शिक्षण खात्यातून ते १९२६ मध्ये बाहेर पडले, दोन वर्षं कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि मोगल साम्राज्याच्या पतनाचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९३२ ते १९५० या काळात, म्हणजे साठीनंतर, बाहेर आला. एक कामशेतला, एक बंगालात. दोन निवृत्त माणसं टपालाने एकमेकांना कामाला लावत होती.

रुमालांचं काम

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर सरकारी कागदपत्रं इंग्रजांच्या ताब्यात गेली. त्यांत इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनने जमवलेल्या कागदांची भर पडली. पुण्यात त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र इमारत बांधली गेली आणि कोट्यवधी कागद कापडी रुमालांत बांधून तिथे ठेवले गेले. अभ्यासकांना ते सहज पाहता येत नसत. मुंबई सरकारने अखेर निवडक कागद छापायचं ठरवलं तेव्हा जदुनाथ सरकारांच्या शिफारशीवरून ते काम सरदेसाईंकडे आलं. हे १९२९ चं. सरदेसाई तेव्हा ६४ वर्षांचे होते.

कामाचं स्वरूप कळल्याशिवाय त्याचा भार कळत नाही. दप्तरातले बहुतेक कागद हिशेबी : रोजकीर्दी, गावोगावचे जमाखर्च, ताळेबंद. राजकारणाची पत्रं त्यांत विखुरलेली. कुठल्या रुमालात काय निघेल हे वरून सांगता येत नाही, गाठ सोडून बघावंच लागतं. लिपी मोडी, लपेटी हाताची, दोन शब्दांत जागा न सोडता ओळभर ओढलेली. पुष्कळ पत्रांवर तिथी आणि महिना असतो पण वर्ष नसतं. ते मजकुरातल्या माणसांवरून आणि घटनांवरून ठरवावं लागतं. त्यासाठी पेशवाईतली शंभर वर्षं डोक्यात असावी लागतात. कोण कोणाचा मेहुणा, कुणाची छावणी कुठल्या पावसाळ्यात कुठे होती, कुठल्या साली कोण वारलं, हे सगळं. सरदेसाईंच्या डोक्यात ते रियासतीमुळे आधीच बसलेलं होतं. तीस वर्षांच्या छंदाचा असा उपयोग होईल हे १८९८ मध्ये त्यांना कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

हाताखाली मोडी वाचणारे मदतनीस होते. ते रुमाल सोडत, निवड पुढे ठेवत. कोणता कागद छापायचा, तो कुठल्या विषयात बसतो, त्याचा काळ कोणता, हे ठरवणं संपादकाकडे होतं. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापून झाले. शिवाजी महाराजांच्या वंशजांच्या घरातल्या गोष्टींपासून पानिपतापर्यंत आणि पुढे उत्तर पेशवाईपर्यंतचे विषय त्यांत आले. साठी उलटलेल्या माणसाने, सरकारी छापखान्याच्या गतीने, हे केलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पुण्याची नाराजी

हे प्रकरण गुळगुळीत नाही. पुण्यातल्या अनेक संशोधकांना ही नेमणूक रुचली नाही. दप्तर सगळ्या अभ्यासकांना खुलं करा ही त्यांची मागणी जुनी होती. सरकारने दार उघडलं ते एका संपादकापुरतं, तेही बंगालमधल्या विद्वानाच्या सल्ल्याने, आणि निवडलेला माणूस बडोद्याहून आलेला. शिवाय कामाच्या पद्धतीवर आक्षेप होते. विषयवार खंड केले की एका रुमालातले कागद वेगवेगळ्या खंडांत जातात, कागदाचा मूळ शेजार तुटतो. निवड म्हटली की काही गाळलं जातं, आणि काय गाळलं हे वाचकाला कधीच कळत नाही. घाईचाही आरोप होता.

या आक्षेपांत तथ्य आहे असं मला वाटतं. पण निवृत्त माणसाच्या बाजूनेही हा हिशेब बघावा. पंचेचाळिशीतल्या संपादकाने हेच काम वीस वर्षं पुरवून केलं असतं आणि ते अधिक काटेकोर झालं असतं. ६४ व्या वर्षी हाती घेतलेल्या माणसाला वीस वर्षं धरून चालता येत नाही. त्याला परिपूर्ण आणि पूर्ण यांतलं एक निवडावं लागतं. सरदेसाईंनी पूर्ण निवडलं. पुढे तीस वर्षं आपल्याला मिळणार आहेत हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

आणखी एक. टीका झाली याचाच अर्थ काम खरं होतं. म्हातारपणी हौसेने काही केलं की लोक कौतुक करतात, ‘या वयात काय उत्साह आहे!’ म्हणतात, आणि ते काम बरं की वाईट हे बघत नाहीत. या कौतुकात एक प्रकारची उपेक्षा असते. सरदेसाईंना ही सवलत कुणी दिली नाही. त्यांच्या वयाकडे न पाहता त्यांच्या पानांवर भांडणं झाली. मला हा त्यांच्या निवृत्तीतला मोठा सन्मान वाटतो.

पुन्हा पहिल्या पानापासून

दप्तराचं काम संपलं तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. इथे थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण नवे कागद पाहिल्यावर आपल्या जुन्या रियासतीतली पानं अपुरी आहेत हे त्यांनाच दिसत होतं. मग त्यांनी सुरुवातीचे भाग नव्याने लिहायला घेतले. शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू यांच्यावरचे हे नवे भाग १९३५ पासून पुढे येत गेले. लोकप्रिय झालेलं, स्वतःच्या नावाची ओळख बनलेलं पुस्तक सत्तरीत मोडून पुन्हा बांधायचं, याला मनाचा फार ताजेपणा लागतो. त्याच सुमारास, १९३६ पासून, रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड जदुनाथ सरकारांच्या जोडीने निघू लागले. १९४६ ते १९४८ या काळात इंग्रजीतले तीन खंड आले. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

हे प्रकरण कुठे लागू पडत नाही

सरदेसाईंना नशिबाने दीर्घायुष्य दिलं, पेन्शन होती, शिक्षण होतं, नाव होतं. घर चालवण्याचं काम त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांच्याकडे नव्हतं. ज्यांची पेन्शन औषधांतच संपते, किंवा ज्यांना साठीनंतरही पोटासाठी वॉचमनची पाळी करावी लागते, त्यांच्यापुढे हा आदर्श ठेवणं मला बरं वाटत नाही. ज्या बाईची घरकामातून कधीच निवृत्ती होत नाही तिच्यापुढे तर नाहीच. तिच्यासाठी पहिला प्रश्न छंदाचा नसून घरातल्या बाकीच्यांनी काय उचलायचं याचा आहे.

ज्यांच्याकडे वेळ, बऱ्यापैकी तब्येत आणि महिन्याची सोय आहे, पण दिवस रिकामा आहे, त्यांच्याबद्दल मात्र या प्रकरणाच्या आधारे मी ठामपणे बोलेन. छंदांची यादी बाजूला ठेवावी आणि आधी हे पाहावं की आपल्या हातात असलेलं काय कुणाला हवं आहे. ते माणूस शोधावं. त्याला तारीख द्यावी.

उदाहरण दूरचं द्यायला नको, सरदेसाईंच्याच वाटेवरचं देता येतं. १९५० च्या सुमारापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी मोडी आज वाचणारे फार थोडे आहेत आणि कागद मात्र घरोघर, कोर्टांत, भूमी अभिलेखांत, देवस्थानांत पडून आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं घेऊन लोक आजही जाणकारांकडे फेऱ्या मारतात.

मोडी शिकवणारे वर्ग पुण्यात आणि इतर शहरांत भरतात. मुळाक्षरं काही आठवड्यांत ओळखीची होतात. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट मोडीत नाही. खरा सराव लागतो तो हस्ताक्षरांचा, संक्षेपांचा आणि सनांचा : शक, फसली, अरबी सन यांचा मेळ घालायला शिकावं लागतं. इथे निवृत्त माणूस तरुणापेक्षा पुढे असतो. तलाठ्याला धारा, इनाम, वहिवाट हे शब्द परके नसतात, हिशेबनिसाला जमाखर्चाची मांडणी कळते, कोर्टातल्या कारकुनाला दस्ताची भाषा पाठ असते. अक्षर लागलं की मजकूर त्यांना आपोआप उलगडतो.

सुरुवात करायला मोठं दप्तर लागत नाही. आपल्याच गावातल्या देवळाचा किंवा एखाद्या भावकीचा कागद मागून घ्यावा, त्याचं देवनागरी लिप्यंतर करावं, वहीत डाव्या पानावर मूळ ओळ आणि उजव्या पानावर वाचन अशी मांडणी ठेवावी, न लागलेल्या शब्दाखाली रेघ मारावी आणि आपल्याहून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. ज्याचा कागद आहे त्याला कधी देणार ते सांगून ठेवावं, आणि त्या दिवशी तो आपल्या दारात येईल अशी व्यवस्था करावी.